उशाकडची बाजू

गावात सगळे म्हणतात, तुझ्या भावाला जनावरानं नेलं. जनावर म्हणजे साप. आमच्या जोयड्याच्या जंगलपट्टीत सापाचं नाव सहसा तोंडानं घेत नाहीत. मी मान हलवते आणि पुढच्या माणसाचं पाकीट तोलायला घेते. खरं तर पाचव्या दिवशीच त्याच्या अंगातलं विष उतरत आलं होतं, डॉक्टर तसं स्वतः म्हणाले होते. तो गेला न्यूमोनियानं. तो न्यूमोनिया त्याला दवाखान्यात झाला, व्हेंटिलेटरवर असताना झाला, आणि त्यात माझा हात किती होता हे मला अजून कुणी नक्की सांगू शकलेलं नाही.

मी गावच्या पोस्टात बसते. शाखा पोस्ट म्हणजे एक खोली, एक टेबल, एक शिक्का आणि मी. एकोणीस वर्षं झाली. अंगठा पुसट उठला तर मी परत उठवायला लावते, मग समोर सख्खी आत्या का असेना. लोक पाठीमागे मला ‘कायदा अक्का’ म्हणतात. हे नाव भावानंच पाडलेलं. तो माझ्याहून अकरा वर्षांनी लहान, माझ्या कडेवर वाढलेला. माझं लग्न टिकलं नाही, मी परत आले, तेव्हा गाव काय काय बोललं, पण हा फक्त म्हणाला, बरं झालं अक्का, आईच्या हातची आमटी खाऊन कंटाळा आला होता. त्याच्यासाठी मुली बघणं चालू होतं. बघायला गेलो की हा मुलीच्या बापाशी भाताच्या बियाण्यावर बोलत बसायचा आणि मुलीकडे बघायचंच विसरायचा.

त्या वर्षी भात कापून खळ्यावर आणलं होतं. रानडुकरं येतात म्हणून तो खळ्यावरच ताडपत्री टाकून झोपायचा. मण्यार चावलेली पुष्कळदा कळतसुद्धा नाही; ना आग, ना सूज. सकाळी घरी आला तो पोट दुखतंय म्हणत. आईनं ओवा दिला. चहाचा घोट खाली जाईना, पापण्या वर उचलेनात. मी म्हटलं, रात्रभर मोबाईल बघत बसला असशील. हे माझं त्याच्याशी शेवटचं धड बोलणं. पुढच्या अर्ध्या तासात त्याची जीभ जड झाली आणि मान टेकायला लागली.

शेजारच्या जीपवाल्यानं एक शब्द न विचारता गाडी काढली. रामनगरच्या डॉक्टरांनी पापण्या बघूनच ओळखलं, विषावरचं इंजेक्शन सुरू केलं आणि अँब्युलन्समधून बेळगावला धाडलं. खानापूरच्या अलीकडे त्याचा श्वास उथळ व्हायला लागला. तिथून बेळगावपर्यंत अँब्युलन्समधला माणूस हातानं रबरी फुगा दाबत त्याच्या छातीत हवा भरत होता. त्या माणसाच्या मनगटाचे स्नायू थरथरताना मी बघत होते. मला वाटलं, एवढं करून हा वाचणारच.

बेळगावच्या दवाखान्यात त्याच्या तोंडातून श्वासनळीत नळी घातली आणि त्याला मशीनला जोडलं. डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावून नीट समजावून सांगितलं. विषानं स्नायू लुळे पडलेत, मेंदूला काही नाही. डोळे उघडता येत नाहीत म्हणून तो बेशुद्ध वाटतो, पण त्याला सगळं ऐकू येत असणार. काही दिवस मशीन त्याच्यासाठी श्वास घेईल, तोवर विष उतरेल, मग नळी काढायची. अशी माणसं आपल्या पायांनी घरी गेलेली मी पाहिली आहेत, असं ते म्हणाले. त्या एका वाक्यावर आम्ही दोघी मायलेकी जगत होतो.

दुसऱ्या दिवशी भेटायची वेळ झाली तेव्हा आईला आत सोडलं, आणि ती एकटी घाबरेल म्हणून मलाही. आई खाटेपाशी गेली आणि तिथंच थिजली. मला वाटलं, नळ्या बघून. पण ती नळ्यांकडे बघतच नव्हती.

“ह्येला बसवलंय,” ती म्हणाली. “अक्का, ह्येला बसवून ठेवलंय गं.”

ती काय म्हणत होती ते मला लगेच कळलं. सुप्याच्या धरणात आमचं गाव बुडालं तेव्हा वसाहतीत ज्याला ज्या प्लॉटचा नंबर आला तिथं त्यानं घर बांधलं. आमच्या शेजारी लिंगायतांचं घर आलं. सोन्यासारखी माणसं, जीपवाला त्यांचाच. त्यांच्यात मयताला झोपवत नाहीत, बसवतात. त्यांचा अज्जा गेला तेव्हा त्याला अंघोळ घालून, कपाळाला विभूती लावून भिंतीला टेकवून बसवलं होतं. मान कलंडू नये म्हणून हनुवटीखालून डोक्यावर कापड बांधलेलं. लोक येऊन पाया पडत होते. त्यांच्या दृष्टीनं तो मानाचा निरोप. आई तेव्हा नवी सून होती, आणि ज्या अज्जानं तिला पहिल्या दिवशी अंगणातली चाफ्याची फुलं दिली होती त्याला असा बसलेला बघून ती घाबरून घरी पळत आली होती. ती गोष्ट ती आम्हाला कित्येकदा हसत सांगायची.

आता तिच्यासमोर तिचा मुलगा होता. खाटेची उशाकडची बाजू बरीच वर उचललेली, तो अर्धवट बसल्यासारखा. नळी जागची हलू नये म्हणून गालांवरून डोक्यामागे फीत बांधलेली. डोळे मिटलेले. मान एका बाजूला किंचित कललेली.

मी तिला बाहेर आणून सिस्टरला विचारलं. सिस्टर तरुण होती, बारीक अंगाची, कामाला चोख. मी कन्नडमध्ये विचारलं आणि तिनं, मराठी येत असूनही, कन्नडमध्येच सांगितलं: मशीनवरच्या पेशंटचं डोकं वरच ठेवायचं असतं. नाकातल्या नळीतून त्याला पातळ खाणं चाललंय; आडवा झाला की पोटातलं वर येतं आणि घशातून फुफ्फुसात उतरतं, त्यातून न्यूमोनिया होतो. तिनं खाटेच्या कडेला चिकटपट्टीची खूण लावली होती, त्याच्या खाली न्यायचं नाही म्हणून. मला सगळं समजलं. मी मान हलवली. आईला कन्नड फारसं कळत नाही, म्हणून मी तिलाही सांगितलं. आईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “त्यांचं त्यांस्नी ठावं. पर जित्त्या माणसाला असं ठेवू नये.”

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी त्याच्या कानाशी वाकून पायाचा अंगठा हलवायला सांगितलं, आणि त्यानं हलवला. इवलासा. मी माझ्या डोळ्यांनी बघितला. बाहेर आल्यावर आईला सांगितलं तर ती खुशीनं रडली. जरा वेळानं म्हणाली, म्हणजे त्याला कळतंय. म्हणजे आपल्याला कसं ठेवलंय ते त्याला कळतंय. काय वाटत असंल गं त्याला.

तिचं ते वाक्य मला लागलं. मी अडाणी नाही. पण मी त्याच्या जागी झोपून बघितलं मनानं: नळी ओढू नये म्हणून हात कठड्याला बांधलेले, बोलता येत नाही, डोळे उघडत नाहीत, आणि आई शेजारी उभी राहून म्हणते की तुला मयतासारखं बसवलंय. काल ती त्याच्यासमोरच म्हणाली होती. त्यानं ऐकलं असणार.

त्या संध्याकाळी शेजारच्या खाटेवरच्या माणसाचं काहीतरी बिघडलं. सगळे तिकडे धावले, मध्ये पडदा ओढला गेला. आई माझ्याकडे बघत होती. मागितलं काहीच नाही तिनं. खाटेच्या पायथ्याशी हँडल होतं, पिठाच्या गिरणीला असतं तसं. मी खाली वाकले आणि फिरवलं. उशाकडची बाजू हळूहळू खाली गेली आणि माझा भाऊ सपाट, सरळ, झोपल्यासारखा झोपला. आईनं त्याचे केस मागे सारले. त्याच्याशी घरचं बोलली: भात झोडून झालं, जीपवाल्यानं माणसं लावली, कुत्रं जेवत नाही. चार-पाच मिनिटं असतील. मग मी हँडल उलटं फिरवून खुणेपर्यंत वर आणलं. बाहेर आल्यावर आईनं त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर खाल्लं.

चौथ्या दिवशीही तसंच केलं. पडदा मीच ओढला.

स्वतःला मी काय सांगत होते तेही लिहिते. मी सांगत होते की नियम असतात ते सगळ्यांसाठी सरसकट केलेले असतात, चार मिनिटांनी काय होतंय. हे वाक्य एकोणीस वर्षांत माझ्या खिडकीवर शेकडो माणसांनी मला ऐकवलंय आणि प्रत्येकाला मी हुसकावून लावलंय. म्हातारीच्या पेन्शनच्या कागदावर एक सही कमी होती तर मी तिला पुन्हा चार किलोमीटर चालायला लावलं होतं. आणि तिथं, जिथं नियमाचं कारणसुद्धा मला समजावून सांगितलं होतं, मी तो मोडला, कारण तो माझा माणूस होता.

पाचव्या दिवशी सकाळी डॉक्टर खुशीत होते. हात हलायला लागले होते, डोळे किलकिले होत होते. म्हणाले, परवा नळी काढून बघू. आईनं मला जीपवाल्याला फोन करायला लावला, परवा संध्याकाळपर्यंत ये म्हणून. नळी काढली की लगेच घरी नेता येत नाही हे मी तिला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं, पण तिच्या तोंडावरचा आनंद मला मोडवेना.

त्या संध्याकाळी मी परत खाट खाली केली. नाकातल्या नळीची पिशवी वर लटकत होती आणि थेंब थेंब चालू होती. ती मी बघितली. खरंच बघितली. आई त्याला म्हणाली, परवा बोल बाबा माझ्याशी. त्यानं डोळे थोडे उघडले आणि तिच्याकडे बघितलं, आणि ती ढसाढसा रडायला लागली. दारावरचा माणूस आला, वेळ संपली म्हणाला, पेशंटसमोर रडू नका म्हणाला. मी आईला दंडाला धरून बाहेर काढलं. समजावलं, पाणी पाजलं, समोरच्या हॉटेलात नेऊन इडली मागवली. पहिला घास तोंडात घातला आणि मला आठवलं, खाट खालीच राहिली होती.

मी उठायला हवं होतं. रस्ता ओलांडून, दारावरच्या माणसाला बाजूला सारून, ओरडून सांगायला हवं होतं. मी बसून राहिले. म्हटलं, सिस्टर बघेलच. म्हटलं, आता परत गेले तर विचारतील, मग उद्यापासून आत सोडणार नाहीत, आणि उद्याचा एकच दिवस मध्ये आहे. मी ती इडली संपवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाट खुणेवर होती. कुणीतरी वर केली होती, कधी ते मला माहीत नाही. दुपारपर्यंत त्याला ताप भरला. संध्याकाळी मशीनवरचा ऑक्सिजनचा आकडा परत वाढवला होता आणि नळीतून खेचून काढलेला कफ पिवळा, घट्ट होता. फुफ्फुसाचा फोटो काढला. डॉक्टरांनी न्यूमोनिया हा शब्द उच्चारला. आईला तो शब्द सर्दीच्या जवळपासचा वाटला. ती म्हणाली, काढा चालंल का विचार.

सातव्या दिवशी मोठे डॉक्टर आले. आम्ही दाराबाहेर होतो, दार अर्धवट उघडं होतं. ते त्या सिस्टरला विचारत होते की परवा पेशंट सपाट सापडला तो कसा. ती म्हणाली, मी दुसऱ्या खाटेवर होते, बघितल्याबरोबर वर केला. ते आवाज चढवून बोलले नाहीत, पण जे बोलले ते सगळ्यांसमोर बोलले: निष्काळजीपणा, जीव, नोकरी. ती मान खाली घालून उभी होती. नंतर ती व्हरांड्यात माझ्याकडे आली. तिचे डोळे लाल होते. तिनं मला दरडावलं नाही, सरळ कन्नडमध्ये विचारलं, खाटेला तुमच्यापैकी कुणी हात लावला होता का.

“न्हाई,” मी म्हटलं.

का म्हटलं ते मला आजवर धड सांगता आलेलं नाही. आई शेजारी बाकावर बसली होती, म्हणून. भावाला ते नीट बघणार नाहीत अशी भीती वाटली, म्हणून. पण खरं कारण यातलं एकही नाही. मी चुकले हे माझ्या तोंडून कधी निघालेलंच नव्हतं आणि तेव्हाही निघालं नाही, एवढंच. सिस्टर बरं म्हणाली आणि कामाला गेली. त्यानंतरही तिनं माझ्या भावाचं काही कमी केलं नाही. दर वेळी तोंड आतून पुसून घेताना त्याला आधी सांगायची, आता पुसते हं.

पुढचे दिवस नुसते उतरणीचे. एक औषध लागू पडेना म्हणून दुसरं, मग तिसरं. दवाखान्यातले जंतू चिवट असतात, साध्या औषधांना जुमानत नाहीत, असं तिथल्या एका शिकाऊ डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं. त्या एकट्या असताना मी त्यांना गाठून विचारलं होतं. आडवळणानं विचारलं, की समजा एखाद्या पेशंटला कुणी जरा वेळ सपाट ठेवलं, तर. त्या थकलेल्या होत्या, पण नीट बोलल्या. म्हणाल्या, घशात नळी असली की खोकून बाहेर टाकायची सोयच राहत नाही, लाळ थोडी थोडी झिरपतच असते. सगळं बरोबर करूनही कितीतरी जणांना होतो हा न्यूमोनिया. तेवढ्यानंच झाला असं म्हणता येत नाही. मी सुटकेचा श्वास घेणार एवढ्यात त्या म्हणाल्या, त्यानं नाहीच झाला असंही म्हणता येत नाही.

तेव्हापासून मी या दोन वाक्यांच्या मध्ये राहते. कुणी मला ठामपणे म्हटलं असतं की तूच मारलंस, तर मी कुठंतरी डोकं टेकलं असतं. कुणी म्हटलं असतं की तुझा काही संबंध नाही, तर मी झोपले असते. मला दोन्हींतलं एकही मिळालं नाही आणि मिळणार नाही. लोक म्हणतात दिवस जातील तसं दुःख कमी होतं. माझं होत नाही, आणि मी तशी वाटही बघत नाही.

त्याला झोपेचं औषध चालू केलं होतं, त्यामुळे अंगठा परत हलला नाही. आई रोज कानाशी वाकून सांगायची, अंगठा हलव रे. मी उभी राहून त्या अंगठ्याकडे बघायचे. खाटेला मी परत हात लावला नाही. आई माझ्याकडे बघायची, मी खिडकीकडे बघायचे. तिला वाटलं मी भित्री झाले.

बाराव्या दिवशी दुपारी तो गेला. डॉक्टर बाहेर येऊन बोलले, आई खाली बसली, मी बसले नाही. थोड्या वेळानं आम्हाला दोघींना आत बोलावलं. नळी काढलेली होती, ओठांच्या कडेला फितीचे वळ उरले होते. मशीन बंद होतं. तीच सिस्टर ड्यूटीवर होती. ती पायथ्याशी वाकली, हँडल धरलं आणि हळूहळू फिरवलं. उशाकडची बाजू खाली गेली आणि तो सपाट झाला.

आई पुढे झाली. तिनं त्याचे केस मागे सारले, चादर छातीपर्यंत नीट केली. तिच्या तोंडावर काहीतरी निवल्यासारखं झालं, आणि ती सिस्टरकडे वळून आभार मानल्यासारखं बोलली.

“आता कसा माणसासारखा झोपलाय बघ. आमची अक्काबी असंच झोपवायची त्येला, रोज सांजचं. तीन दिस झोपवलं. मग कुणास ठावं, सोडलंन तिनं.”

सिस्टरचा हात हँडलवरच राहिला. तिनं मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मी तिच्या पायांतल्या पांढऱ्या चपलांकडे बघत होते आणि ती आता बोलेल म्हणून थांबले होते. बोलली असती तर बरं झालं असतं, आईसमोर, सगळ्यांसमोर.

ती उठली, कपाटातून धुतलेली चादर काढली, झटकून उघडली आणि तिचं एक टोक माझ्या हातात दिलं.

“त्या बाजूनं धरा,” ती म्हणाली.

मी धरलं.